बिनकुंकवाचा स्नो ब्लोअर

आमच्या घरात एकही मोठी वस्तू माझ्या संमतीशिवाय आलेली नाही, असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. त्यात खोटं काही नाही. संमती घेतली त्या वेळी मी मौनात होते, एवढंच ते सांगत नाहीत.

चातुर्मासात मी गोपद्मांचं व्रत करते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज सकाळी अंघोळ करून गाईच्या पावलांची रांगोळी काढायची, तिच्यावर हळदकुंकू वाहायचं, गाईला घास द्यायचा आणि मग आपण तोंडात काही घालायचं. पाच वर्षं करायचं आणि पाचव्या वर्षी उद्यापन. त्यात माझी स्वतःची भर अशी की उठल्यापासून गाईला घास देईपर्यंत बोलायचं नाही. बोलण्याने मन इकडेतिकडे फिरतं असं मला वाटलं होतं. झालं असं की माझं मन जागच्या जागी राहिलं आणि ह्यांचं मोकाट सुटलं.

ह्यांना शाळेतलं संस्कृत सगळं विसरायला झालं आहे, पण ‘मौनं संमतिलक्षणम्’ तेवढं पक्कं पाठ. सकाळी मी देवाजवळ दिवा लावत असताना हे मागे येऊन हळूच म्हणणार, “दमू, कायाक घेऊ या का गं? इथे एवढी तळी आहेत.” मी गप्प. संध्याकाळी कायाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, दारात. पुढच्या वर्षी आकाशातले ग्रह बघायची दुर्बीण आली, त्याच्या पुढच्या वर्षी पाव भाजायचं यंत्र. पावाच्या यंत्रात मी आता वाती ठेवते. कोरड्या राहतात.

आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ट्वायझलला राहतो. आधी उत्तर बेटावर मनुरेवाला होतो, तेव्हा हे तिथून जवळच पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. मग ह्यांना इथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या कालव्यांवर नोकरी लागली आणि आम्ही डोंगरांच्या मधल्या या मोकळ्या माळावर आलो. गावाच्या कडेला घर, पुढे लांबलचक खडीची वाट. इथे सगळं उलटं. श्रावण येतो तो ऐन थंडीत. श्रावणी सोमवारी अंगणातला नळ उघडावा तर नळ गोठलेला, त्यावर आधी गरम पाणी घालायचं, मग त्यातून गार पाणी घ्यायचं.

गाय मिळाली ती शेजारच्या रेविनची. रेविन सत्तरीची आहे, एकटी राहते, आणि तिच्याकडे मार्मलेड नावाची एक जर्सी गाय आहे, रंगाने अगदी संत्र्याच्या मुरंब्यासारखी. आमच्या वाटेच्या मध्यावर कुंपणात एक फाटक आहे, ते उघडलं की समोरच तिचा गोठा. पहिल्या वर्षी मी फार संकोचत तिच्याकडे गेले आणि म्हटलं, तुझ्या गोठ्यात रोज सकाळी थोडी रांगोळी काढली तर चालेल का?

रेविनने विचार केला. “ऑन द फ्लोअर, लव्ह, ऑर ऑन द काऊ?”

मी म्हटलं, जमिनीवर.

“ओह, दॅट्स ऑल राइट देन.”

तेव्हापासून आमचं जमलं. माझं दमयंती हे नाव तिच्या तोंडात मावलं नाही. तिने त्याचं ‘डॅम’ करून टाकलं. यजमान डॅमवर कामाला आणि बायकोचं नाव डॅम, यात गावात कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.

हे माझं व्रताचं पाचवं वर्ष. चार वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. सर्दी-तापातही मी गोठ्यात जाऊन आले होते, वाऱ्याने रांगोळी उडते म्हणून अंगाचा आडोसा करून बसले होते. संकल्प सोडताना मी ‘गोठ्यात’ म्हटलं होतं. देवापुढे काढली तरी चालते, शास्त्राची हरकत नाही, पण मी म्हटलं ते म्हटलं. कार्तिकीपर्यंत एवढं निर्विघ्न पार पडावं, याहून या वर्षी मी देवाकडे काहीच मागत नव्हते.

आणि नेमकं ह्यांच्या डोक्यात स्नो ब्लोअर शिरला.

म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र. पुढून बर्फ गिळतं आणि वरच्या नळीतून लांब फेकून देतं. जूनमध्ये थोडा बर्फ पडला, हे अर्धा दिवस फावड्याने वाट साफ करत बसले, संध्याकाळी कंबर धरून आत आले आणि व्हिडिओ बघायला लागले. कॅनडातल्या कुणा गृहस्थाच्या अंगणात बर्फ उडतोय आणि हे सोफ्यावर बसून “वा, काय थ्रो आहे!” म्हणतायत. पुढे जेवतानाही तेच. टू स्टेज बरं की सिंगल स्टेज, पेट्रोलवरचं की बॅटरीचं. मला वाटलं, उतरेल. ताप उतरतो तसं उतरेल.

एके संध्याकाळी, म्हणजे माझी जीभ मोकळी असताना, मी स्पष्ट सांगितलं. “अहो, इथे हिवाळ्यात दोन-तीनदा पडतो बर्फ. देव स्वतः आणून टाकतो आणि स्वतःच घेऊन जातो. मधल्या वेळासाठी यंत्र कशाला?”

“या, ना,” हे म्हणाले.

इथल्या इंग्रजीत ‘या, ना’ म्हणजे नाही आणि ‘ना, या’ म्हणजे हो. इतकी वर्षं राहूनही मला याचा अर्थ थांबून लावावा लागतो. मी लावेपर्यंत ह्यांनी पुढचा मुद्दा काढला.

“आणि तुझ्या व्रताचं काय? पाचवं वर्ष आहे. गुडघाभर बर्फ पडला तर गोठ्यापर्यंत जाशील कशी? मी काय माझ्यासाठी मागतोय का? तुझ्यासाठीच म्हणतोय.”

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. कारण ती भीती मलाही होती. पण माझ्या देवाच्या नावावर ह्यांचं खेळणं घरात यावं, हेही मनाला पटेना. देवाला काय वाटेल? मी मागितलं काय आणि ही बाई दारात आणून ठेवते काय!

“फावडं आहे,” मी म्हटलं. “मी जाईन.”

पाल्मर्स्टन नॉर्थला ऋचा असते, आमची मुलगी, तिथल्या एका संशोधन संस्थेत काम करते. तिला फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली.

“आई, बाबा जस्ट वॉन्ट्स अ टॉय. लेट हिम.”

“अगं, पण माझ्या व्रतावर बिल फाडतायत.”

“देन टेल हिम नो.”

“सांगितलं ना.”

“लाउडली, आई. विथ युअर माउथ.”

आता मोठ्याने कसं सांगतात ते मला कधी जमलेलं नाही. माझा आवाज चढला की तो मलाच ऐकू येत नाही.

नंतरच्या शनिवारी सकाळी मी रांगोळीचा डबा, हळदकुंकवाचा करंडा आणि गोग्रासाची पोळी घेऊन बाहेर पडले, तर वाटेत ट्रेलर लावलेली एक गाडी उभी. ट्रेलरवर केशरी रंगाचं, मोठ्या जबड्याचं ते यंत्र. शेजारी हे, लग्नाच्या दिवशी होते तसे प्रसन्न. आणि एक उंच, रुंद, पिकल्या केसांचा माओरी माणूस.

“दमू, हे विरेमू. स्की फील्डवर होते, आता रिटायर झालेत, मशीन विकतायत. किओरा म्हण. नको, म्हणू नकोस, तुझं मौन आहे.” मग त्याच्याकडे वळून, “शी इज ऑन सायलेन्स, मेट. टिल द काऊ ईट्स.”

विरेमूने टोपी काढली. माझी आजीही सकाळी प्रार्थना होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही, असं तो म्हणाला. माणूस सज्जन होता. त्याने ह्यांना बाजूला ठेवून सरळ मलाच विचारलं, “सो, यू हॅपी फॉर मी टू अनलोड?”

मी ह्यांच्याकडे बघितलं आणि दोन्ही भुवया वर उचलल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘हे काय चाललंय?’ या भुवयांना घाबरून ऋचाने लहानपणी कारल्याची भाजी खाल्ली आहे.

विरेमूचा चेहरा उजळला. “स्वीट अ‍ॅज!” म्हणून त्याने ट्रेलरची फळी खाली टाकली.

मला काही कळेना. मी भुवया आणखी वर नेल्या, केसांपर्यंत.

“शी’ज रिअली कीन, आय?” तो ह्यांना म्हणाला.

“या, हीप्स,” हे म्हणाले. आणि मशीन गडगडत खाली उतरलं.

गोठ्यात रांगोळी काढून, मार्मलेडला घास देऊन जीभ मोकळी झाली तेव्हा मी रेविनला सगळं सांगितलं. ती दूध काढता काढता हसून हसून बाजूला कलंडली. डॅम, इथे भुवया वर करणं म्हणजे हो, ती म्हणाली. इथले मूळचे माओरी तर करतातच, त्यांचं बघून आम्हीही करतो. “यू सेड येस, लव्ह. ट्वाइस.”

बरं, विरेमूने अट फार भल्या माणसाची घातली होती. पहिला बर्फ पडू दे, वापरून बघा, आवडलं तर ठेवा, नाही तर मी येऊन घेऊन जाईन. तेवढी एक वाट मोकळी होती. दुसरी वाट ह्यांनी स्वतःच माझ्या हातात ठेवली.

ह्यांचा देवावर विश्वास बेताचा, पण कुंकवावर भयंकर. मनुरेवाला असताना एक गाडी पूजा न करता चालवली आणि त्याच दिवशी ती घराच्याच फाटकाला घासली. तेव्हापासून कुंकवाचं स्वस्तिक नसलेली वस्तू आपली नाही, असं ह्यांचं ठाम मत. कायाकवरही स्वस्तिक आहे. ते पाण्याखालच्या बाजूला आहे, त्यामुळे मासेच बघतात.

“दमू, मशीनची पूजा कर ना. नारळ आणलाय मी.”

“बघू,” मी म्हटलं.

“पवनपुत्र नाव ठेवू या. फुंकर मारतो म्हणून.” माझा भक्तीचा कोपरा धरायला बघत होते. “लाव दोन बोटं कुंकू.”

“कुंकू थोडं आहे हो. कार्तिकीपर्यंत पुरवायचंय. ऋचा पाठवणार आहे, आलं की बघू.”

ते खरंच होतं. कुंकू ऋचाच मनुरेवाच्या दुकानातून मागवून पाठवते, ट्वायझलला कुठून मिळणार? पण मला आतून समाधान वाटलं. पूजा झाली की ते आपलं, नाही झाली तर विरेमूचं. निर्णय माझ्या करंड्यात होता आणि करंड्याला झाकण होतं.

मग बर्फाची वाट बघणं सुरू झालं. हे रोज उठून पडदा सरकवायचे आणि निरभ्र आकाश बघून उसासा टाकायचे. ऑफिसात लोक ऊन पडलं म्हणून खुश आणि आमच्याकडे सुतक. एकदा मशीन नुसतंच सुरू करून अंगणात फिरवून आणलं, कुत्र्याला आणतात तसं. विरेमूने जाताना बजावलं होतं की तुमची वाट खडीची आहे, मशीनचा जबडा जमिनीपासून चांगला वर ठेवा. हे म्हणाले, “ते स्की फील्डवाले. त्यांना फिनिशिंग नको असतं. मी खालपर्यंत घासून घेणार.” फावडं ह्यांनी रेविनला शेण काढायला देऊन टाकलं. आता काय उपयोग त्याचा!

रेविन म्हणाली, “इट’ल मेल्ट बाय लंच, मधू.” ह्यांचं नाव मधुकर.

हे तिच्याकडे असं बघून हसले, जसं नौकेतला माणूस पोहणाऱ्या माणसाकडे बघतो.

आणि श्रावणातल्या एका सोमवारी पडला. रात्रभर पडला असणार. सकाळी खिडकी उघडली तर कुंपण अर्धं गायब, टपालाची पेटी पांढऱ्या टोपीत, वाट कुठे आणि गवत कुठे काही कळत नव्हतं. गुडघाभर तर खासच होता. दिवा लावताना नुसतं एवढंच म्हटलं, मनातल्या मनात, की देवा, मला तेवढ्या फाटकापर्यंत ने.

बाहेर देवाआधी हेच हजर होते. कानांवर आवाज बंद करायचे मोठे गोळे, हातात जाड मोजे, तोंडावर जून महिन्यापासून साठवलेला आनंद. मी डबा, करंडा आणि पोळी पदराखाली घेऊन पायरीवर उभी राहिले. मशीन सुरू झालं.

खोटं कशाला बोलू, दृश्य सुंदर होतं. बर्फ नळीतून कमानीसारखा वर जायचा, उन्हात चमकायचा आणि डावीकडे पडायचा. मलाही क्षणभर वाटलं, अगं बाई, बरं आहे की. तेवढ्यात टण् असा आवाज आला. खडीचा पहिला दगड टपालाच्या पेटीवर बसला होता. मग खण्. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं. मग टण्, टण्, पुन्हा पेटी. हे पुढेच बघत होते, फिनिशिंग करत होते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की ती सुंदर कमान कुठे पडते आहे. डावीकडे. डावीकडे म्हणजे कुंपणाच्या बाजूला. फाटकावर.

मी टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे त्या पिठात वाजवल्यासारख्या झाल्या. मी पायरीवरून डबा हलवला, हात हलवले, होता होईतो उंच उडी मारली. ह्यांनी वळून बघितलं, मला वाटलं समजलं. त्यांनी अंगठा वर केला आणि नळी आणखी नीट फाटकाकडे वळवून घेतली, मला दिसावं म्हणून.

ओरडले असते तर? एक शब्द पुरे होता. पण कानांवर गोळे होते, शब्दही वाया गेला असता आणि मौनही.

शेवटी खाट् असं काहीसं झालं आणि मशीन नुसतंच गुरगुरायला लागलं. ह्यांनी ते बंद केलं. कान मोकळे केले. सगळीकडे इतकं शांत झालं की छपरावरचा बर्फ घसरल्याचं ऐकू आलं.

“शिअर पिन गेली,” हे म्हणाले. “घाबरू नकोस. ती तुटण्यासाठीच असते. ती तुटली म्हणून गिअरबॉक्स वाचला. उत्तम डिझाइन आहे.”

मी फाटकाकडे बोट दाखवलं.

फाटक नव्हतं. तिथे माझ्या छातीपर्यंत येणारी बर्फाची भिंत होती, आत खडी कालवलेली, चिक्कीसारखी.

“अरे,” हे म्हणाले. मग म्हणाले, “फावडं कुठंय?”

मी भिंतीच्या पलीकडे बोट दाखवलं. रेविनच्या गोठ्यात होतं फावडं.

हे मोजे घातलेल्या हातांनी भिंत उकरायला लागले. माती उकरणारं मांजर बघावं तसं. मी उपड्या बादलीवर बसले. पोळी गार झाली होती. पोटात काल रात्रीपासून काही नव्हतं, पण रडू आलं ते भुकेचं नव्हतं. चार वर्षं. आणि पाचव्यात, व्रत सांभाळायला आणलेल्या यंत्राने ही भिंत बांधावी.

ह्यांनी माझं तोंड बघितलं आणि उकरणं थांबवलं. “दमू, आजच्या दिवस घरात देवापुढे काढ ना. चालतं म्हणतेस ना शास्त्राने? मी चुकलो, माझ्या नावावर टाक.”

मी पोळी पदरात आणखी घट्ट धरली.

भिंतीपलीकडून आवाज आला. “डॅम? यू देअर, लव्ह?”

“शी’ज हिअर!” हे ओरडले. “शी कान्ट टॉक!”

“शी नेव्हर कॅन धिस अर्ली. धिस वन कॅन, दो.”

आणि खरंच, मार्मलेड हंबरली. साधं नव्हे, ताट वाढायला उशीर झाल्यावर घरातले करतात तसं. रोजच्या पोळीची वेळ टळून गेली होती आणि ते तिला मुळीच पसंत नव्हतं. फाटकाची कडी वाजल्याचं ऐकू आलं. फाटक पलीकडे उघडतं. मग भिंत हलली. वरून दोन ढेकळं पडली. मधूनच एक काळं, ओलं, वाफाळतं नाक बाहेर आलं, मग शिंगांविना डोकं, मग सगळी गाय. बर्फाची भिंत तिने छातीने ढकलली, पडदा बाजूला सारून कुणी आत यावं तशी, आणि थेट माझ्याकडे आली.

आधी रांगोळी, मग पूजा, मग घास, असा क्रम आहे. मी पोळी पाठीमागे लपवली आणि बादलीवरून उठले. मार्मलेड पाठीमागे आली. मी वळले, तीही वळली. मी वाटेच्या या टोकाला, ती माझ्यामागे या टोकाला, मी त्या टोकाला, ती त्या टोकाला. दरवर्षी मी गाईला प्रदक्षिणा घालते, त्या दिवशी गाईने मला घातल्या. आणि पदर सावरत खाली बघते तर काय, जिथे जिथे ती गेली तिथे तिथे बर्फात तिची पावलं उमटलेली. खोल, दोन पाकळ्यांची, रेखीव. मी एवढी वर्षं काढते आहे, माझ्या हातून एकही इतकं सुरेख आलेलं नाही.

पण गोठा? गाय जिथे उभी राहील तो गोठा, असं मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं. देवाला मराठी कळतं, तेव्हा न्यूझीलंडही कळत असणार.

पांढरी रांगोळी बर्फात दिसेना. म्हणून प्रत्येक पावलाच्या कडेने हळद फिरवली आणि मध्ये कुंकू टाकलं. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मागून गाय पदर ओढतेय, पुढे मी ओणवी. हे मुकाट्याने माझ्यासाठी बादली सरकवत होते. सगळी वाट लाल-पिवळ्या पावलांची झाली. रेविन भिंतीच्या भगदाडात फावडं घेऊन उभी होती, ती म्हणाली, “वेल, दॅट’स अ बिट फ्लॅश.” म्हणजे एकदम झोकात.

मग मी पोळी पुढे केली. मार्मलेडने ती एका घासात घेतली, वर माझा हातमोजाही चाटला. मी हात जोडले.

ह्यांनी तेवढीच वाट बघितली. “झालं ना? आता बोल. हे बघ, पिन दुपारपर्यंत बसवतो. आणि नळी उजवीकडे वळवली असती तर काहीच झालं नसतं, मशीनचा दोष नाही. तेवढी दोन बोटं कुंकू लाव आता.”

मी करंडा उघडून दाखवला. “कुंकू वाढलं.”

ह्यांचा चेहरा फुलला. “वाढलं ना? मग लाव की!”

“व्हॉट’स शी सेइंग?” रेविनने विचारलं.

“शी सेज देअर इज मोअर नाऊ.”

“नो, रेविन,” मी म्हटलं. “इट इज फिनिश्ड. पण कुंकवाला आम्ही संपलं म्हणत नाही. वुई से, इट हॅज ग्रोन.”

रेविनने मान डोलावली. “आ. लाइक ‘या, ना’.”

ह्यांनी करंड्यात डोकावून बघितलं. तळ दिसत होता. मग मशीनकडे बघितलं, टपालाच्या पेटीकडे बघितलं, तिला आता टोपीऐवजी पोचे होते. मग त्या पावलांकडे.

“अहो,” मी हळू आवाजात विचारलं, “विरेमूला फोन करायचा ना, घेऊन जा म्हणून?”

हे गप्प.

“मौनं संमतिलक्षणम्,” मी म्हटलं, आणि आत जाऊन साबुदाणा परतायला घेतला.

बर्फ बुधवारपर्यंत आपला आपण निघून गेला. गवतात फेकली गेलेली खडी मात्र राहिली. ती हे अजून वेचतायत. पेटी ठोकून सरळ केली तरी पत्रं अडकतात.

विरेमू आला तो सकाळीच. मी हातात डबा घेऊन फाटकाकडे निघाले होते, म्हणजे मौनातच. मशीन ट्रेलरवर चढवायच्या आधी त्याने पुन्हा टोपी काढली आणि मलाच विचारलं, ठेवायचं नाही ना नक्की? की विचार बदलला? “कीपिंग इट, आर यू?”

मी दोन्ही हातांच्या बोटांनी दोन्ही भुवया खाली दाबून धरल्या आणि तशीच उभी राहिले.

“फेअर इनफ,” तो म्हणाला.

मशीन चढलं. पट्टे आवळून झाले. तेवढ्यात ह्यांची नजर गाडीच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली झाकलेल्या दुसऱ्या कसल्या तरी वस्तूवर गेली. हे तिच्याभोवती एक फेरी मारून आले, ताडपत्रीचं टोक उचललं, आणि माझ्याकडे न बघता अगदी मऊ आवाजात म्हणाले, “दमू, हे काय असेल गं?”

मी भुवयांवरची बोटं काढली नाहीत.